चार वर्षांचं पाणी

१

दर पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी उर्वी रत्नागिरीहून पावसला जाणारी एसटी पकडायची, खाडीकडे उतरणाऱ्या फाट्यावर उतरायची आणि मोहल्ल्यापर्यंत चालत जायची. पिशवीत टेप, भिंग, पेन्सिल, वही आणि आईने बळेच दिलेला डबा. जमालच्या घरात नऊ काचा लावल्या होत्या, त्या बघायच्या आणि परत यायचं. काम तेवढंच.

काचा म्हणजे कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या पट्ट्या. भिंतीच्या तड्यावर काच आडवी धरायची, दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवायची, बाजूला तारीख घालायची. तडा केसभर जरी रुंदावला तरी काच मोडते. तडा जिथे संपतो तिथे पेन्सिलीची रेघ मारायची, म्हणजे पुढच्या खेपेला तो किती पुढे गेला ते कळतं. भिंत खोटं बोलत नाही, असं तिचे सर म्हणायचे. माणसं बोलतात, हे उर्वीने आपलं आपण जोडलं होतं, आणि जोडताना तिच्या डोळ्यांपुढे हरिहरकाका होता.

घर काकाने बांधलेलं. अठ्ठ्याण्णव साली जमाल मस्कतहून सुट्टीवर आला, मोहल्ल्यातलं पहिलं स्लॅबचं घर आपलं असायला हवं म्हणाला, आणि काकाने ते सात महिन्यांत उभं करून दिलं. वाळू खाडीची घातली. गोड्या पाण्यात तीनदा धुतली होती, असं काका अजूनही शपथेवर सांगायचा. दोन पावसाळे झाले आणि पश्चिमेच्या भिंतीला तडे गेले. जमालने पत्र लिहिलं ते काकाला नाही, उर्वीला. तुम्ही इंजिनीअरिंग शिकलेल्या आहात, अम्मी घरात एकटी असते, घर धोक्याचं असेल तर तसं लिहा, मी तिला इकडे घेऊन येतो.

काकाला हे झोंबलं होतं. नव्या घराला तडे जायचेच, बाळंतिणीच्या पोटावर वळ राहतात तसे, असं तो जेवताना सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला.

"तुझं बाळ चार वर्षांचं झालं, काका," उर्वी म्हणाली. "वळ अजून वाढतायत."

जानेवारीत काचा लावल्या. फेब्रुवारी संपता संपता ती चौथ्यांदा गेली. नऊच्या नऊ काचा शाबूत होत्या. उर्वीला खरं तर रागच आला. एखादी तरी मोडायला हवी होती. मग चौथ्या काचेपाशी ती वाकली आणि तशीच राहिली. तिने जानेवारीत मारलेली पेन्सिलीची रेघ भिंतीवर होती, तारीख होती, पण तडा तिथपर्यंत पोचत नव्हता. चार बोटं खालीच संपत होता. रेघेखालची भिंत साफ, गुळगुळीत.

तडा मागे आला होता.

२

तिने आधी काकावर संशय घेतला. गवंडी पाठवून पुट्टीची लांबी भरून घेतली असेल. पण भिंगातून पाहिलं तर लांबी नव्हती. साखरेच्या कणांसारखे पांढरे, चमकणारे खडे एकमेकांत बसलेले होते, नखाने खरवडून निघत नव्हते.

हे तिला माहीत होतं. पाण्याच्या टाक्यांत असं होतं. काँक्रीटच्या पोटात न भिजलेलं सिमेंट उरलेलं असतं. तड्यातून पाणी शिरलं की ते जागं होतं, चुना बाहेर येतो, हवा लागून त्याचा दगड होतो आणि बारीक तडा आपला आपण बुजतो. परीक्षेत यावर पाच गुणांचा प्रश्न असायचा. पण टाकीत पाणी असतं. फेब्रुवारीत राहत्या घराच्या भिंतीला पाणी कुठून येणार?

तिने भिंतीला हात लावला. भिंत ओली होती.

ताजबी परसात होती. जमालची आई, साठीच्या पुढची, अंगाने काटकुळी. एका हातात बादली, एका हातात तांब्या. ती भिंतीवर पाणी फेकत होती. घाईघाईने नाही, गाईला आंघोळ घालावी तसं वरून खाली, कोपरे, सांदी, सगळं भिजवत. लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत ओला.

उर्वीने विचारलं तेव्हा तिला प्रश्नच कळेना. हरीभाऊंनी सांगितलं होतं की. स्लॅब घातला त्या दिवशी. भाभी, सकाळ-संध्याकाळ पाणी मारा, आत-बाहेर, मी येऊन थांबवीन तोवर थांबू नका. ते आले नाहीत. मग ती थांबली नाही. पावसाळ्यात फक्त आतून मारायची.

बांधकाम झालं की भिंतीला आठ-दहा दिवस पाणी मारतात. फार तर एकवीस. काका हिशेब चुकता करून दुसऱ्या कामावर गेला होता आणि हे सांगायचं विसरला होता. चार वर्षं. उर्वीला आधी हसू आलं, मग कानशिलं तापली.

तिथेच तिने ताजबीच्या हातातला तांब्या घ्यायला हवा होता. पण चार वर्षं रोज पाणी मिळालेली भिंत कोणी अभ्यासली असणार? तिने सरांना पत्र टाकलं. उलट टपाली उत्तर आलं, निरीक्षण चालू ठेव, परिस्थितीत बदल करू नकोस. सरांच्या अक्षरातली ती ओळ तिने दोनदा वाचली.

"चाची," पुढच्या खेपेला ती म्हणाली, "चालू ठेवा हां तुम्ही. थांबू नका."

"मी कशाला थांबतेय गो बाय," ताजबी म्हणाली.

३

मार्चअखेर एकही तडा राहिला नाही. नऊ काचा कोऱ्या भिंतीवर उगीच चिकटलेल्या दिसत होत्या. वहीत उर्वीने तारखांखाली तारखा लिहिल्या. खरं तर काम संपलं होतं. घर भक्कम आहे असं जमालला लिहून टाकायचं आणि काकाची माफी मागायची. दुसरी गोष्ट तिच्याने होईना, म्हणून पहिलीही राहिली.

मग ताजबीने सहज सांगितलं की मागचं दार नीट बंद होत नाही. उर्वीने पाहिलं. दाराची खालची कडी ज्या भोकात बसते ते जमिनीतलं भोक उरलंच नव्हतं. कडी टेकवली की सपाट जमिनीवर टक् असा आवाज व्हायचा. स्वयंपाकघरात कॅलेंडर खाली पडलेलं होतं. त्याचा खिळा भिंतीने बाहेर लोटून दिला होता आणि जिथे तो होता तिथे खूणही नव्हती. मोरीचं तोंड मुठीएवढं होतं ते आता लिंबाएवढं. पाणी जाता जाईना.

हे पटण्यासारखं होतं. पाणी साठतं तिथे चुना बसतो. नळाच्या तोटीत बसतो, किटलीत बसतो. तिने वहीत तसं लिहिलं. खिडकीचं माप घेतलं तर ते दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी आलं. टेप ताणली गेली असेल म्हणून लाकडी पट्टीने घेतलं. दोन सूत कमी.

माप घेताना तिच्या लक्षात आलं की इतका वेळ आपल्याला फक्त आपली पेन्सिल ऐकू येतेय. बाहेर खाडीत मचव्याचं इंजिन चालू होतं, खिडकीतून दिसत होतं, धूर सोडत होतं. आवाज आत येत नव्हता. तिने बोटाने कान चोळला. घर जाड झालंय, तिच्या मनात आलं, आणि इंजिनीअरने असा शब्द वापरू नये म्हणून तिने तो लिहिला नाही.

ताजबी चहा घेऊन आली. तिच्या कानांत काहीतरी कमी होतं. तिच्या वयाच्या मोहल्ल्यातल्या सगळ्या बायांसारख्या तिच्या कानभर चांदीच्या बाळ्या असायच्या, पाच इकडे, पाच तिकडे. धुवायला काढल्या होत्या म्हणाली, परत घालायला गेले तर भोकं बुजलेली. म्हातारपणी होतं असं.

"आठवड्यात?" उर्वीने विचारलं.

"दुपारी काढल्या. संध्याकाळी घालायला गेले."

४

एप्रिलमध्ये जमालचा फोन आला. घर कसंही असो, अम्मीला मी घेऊन जातोच, एकटीला किती दिवस ठेवू, म्हणाला. रत्नागिरीतल्या एजंटाकडे पासपोर्टचा फॉर्म आहे तेवढा भरून द्या. ताजबीला सही येत नव्हती. उर्वीने शाईची डबी नेली आणि ताजबीचा अंगठा धरून फॉर्मवर टेकवला.

निळा डाग उमटला. नुसता डाग. पुसून पुन्हा लावला. शाई जास्त झाली असेल म्हणून कागदाने टिपून पुन्हा. अंड्यासारखा कोरा, भरीव डाग. दुसरा अंगठा घेतला, मग तर्जनी, मग सगळी बोटं. कागदावर दहा निळी अंडी झाली.

"पाण्यात राहून झिजली," ताजबी म्हणाली.

झिजतात. भांडी घासणाऱ्यांची, कोळणींची झिजतात. उर्वीने तिचा हात उजेडाकडे वळवला. तळव्यावर एक रेघ नव्हती. आयुष्याची नाही, नशिबाची नाही, मूठ मिटताना पडते ती घडीसुद्धा नाही. मग तिची नजर खाली गेली. मोहल्ल्यातल्या कुठल्याही बाईच्या टाचा बघाव्यात, भेगांनी भरलेल्या. ताजबीच्या टाचा देवळातल्या पायरीसारख्या घोटीव होत्या.

"चाची, पायाला काही लावता का? मलम वगैरे?"

"काय नाही. आपोआप भरल्या. आता कायच दुखत नाही बघ." ती हे समाधानाने म्हणाली, पण बोलताना तिचे ओठ फक्त मधोमध उघडत होते, कोपरे जागचे हलत नव्हते.

चहाची कपबशी खाली ठेवायच्या निमित्ताने उर्वीने तिच्या टाचेला बोटाचं पेर लावलं. मुद्दाम नाही, असं तिने नंतर स्वतःला सांगितलं. जिथे आवाज व्हायला नको तिथे तो झाला. टाक् असा, बारीक आणि भरीव. त्या आवाजावरून काँक्रीटचा दर्जा सांगायला तिला कॉलेजात शिकवलं होतं. दर्जा उत्तम होता.

५

आता थांबा, असं ती ताजबीला त्याच दिवशी म्हणाली. ताजबीने ऐकून घेतलं आणि तांब्या भरला. ज्यांनी सांगितलं ते येऊन सांगतील तेव्हा. शब्द हरीभाऊंना दिलेला.

काकाला आणायला तीन आठवडे लागले. आज मजूर आले नाहीत, उद्या पायाभरणी, परवा गुडघा. पाण्याने काँक्रीटचं कधी वाईट झालंय का, असं उलट तिलाच विचारत होता. शेवटी मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस उर्वीने त्याची चप्पल स्वतःच्या हाताने त्याच्या पायापुढे ठेवली. तुझ्या विसराळूपणाची शिक्षा एक म्हातारी बाई भोगतेय, म्हणाली. आई आतून ओरडली, मोठ्यांशी असं बोलतात का. काकाने मात्र चप्पल घातली.

घरात शिरल्यावर तो सरळ मधल्या खोलीत जाऊन उभा राहिला. चाळीस वर्षं भिंती बांधलेला माणूस. त्याने सवयीने भिंतीवर उलटा हात वाजवला, मग पंजा टेकवला आणि लगेच उचलून शर्टाला पुसला. उर्वीने टेकवून पाहिला. एवढं गार पाणी रोज पिणारी भिंत कोमट होती.

काका बाहेरच्या खोलीत गेला, ताजबीसमोर उभा राहिला आणि हात जोडले. हे उर्वीने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"भाभी, पुरे झालं आता. चुकलं माझं."

ताजबीने त्याच्याकडे पाहिलं. पापण्या मिटल्या नाहीत. मग म्हणाली, "लई वर्षं लावलीत, हरीभाऊ," आणि तांब्या पालथा घालून ठेवला.

काका पुन्हा आत जाऊन पश्चिमेच्या भिंतीसमोर उभा राहिला.

"उर्वी, या भिंतीला मी दोन खिडक्या सोडल्या होत्या."

एक होती. उरलेली भिंत सलग, गिलावा न केलेली तरी गिलाव्यासारखी. उर्वीने वही उघडली. जानेवारीत तिने स्वतः काढलेल्या नकाशात दोन खिडक्या होत्या. सातवी काच दुसऱ्या खिडकीखाली दाखवलेली होती. त्यापुढे प्रत्येक शनिवारची बरोबरची खूण तिच्याच हातची. ती त्या प्रत्येक वेळी कुठे उभी राहून काय बघत होती, ते तिला काही केल्या आठवेना.

६

अंगणात दोघांचं वाजलं. उर्वीचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता चाचीला आपल्या घरी न्यायचं. जमाल वीस तारखेला येतोय, तोवर आपल्याकडे राहील. काका नको म्हणत होता. न्यायचं नाही असं नव्हे, पण सावकाश. आज पाणी थांबवलंय. चार दिवस दारं उघडी ठेवू, मग तासभर ओसरीत बसवू, मग अंगणात.

"भिजलेलं एकदम उन्हात काढलं की तडकतं," तो म्हणाला. "स्लॅबखालचं सेंट्रिंगसुद्धा आपण दिवस भरल्याशिवाय काढत नाही. आधार काढायची घाई करू नये, पोरी."

"घर बंद होत चाललंय काका, आणि तू दिवस मोजतोयस? चार वर्षं नाही मोजलेस ते?"

काका ओसरीच्या पायरीवर जाऊन बसला. उर्वीला वाटलं, आपण जिंकलो.

तिने शेजारच्या साकिबला त्याची जीप काढायला सांगितली. आत जाऊन ताजबीचं ओलं लुगडं बदलायला लावलं, कोरडी साडी नेसवली, पाय पंच्याने खसखसून पुसले. ताजबी मुकाट्याने करून घेत होती. एकदाच म्हणाली, पायांवर तांब्याभर घालशील का. घरी गेल्यावर घालते, चाची, उर्वी म्हणाली. पुढच्या दारातून बाहेर पडताना दोघींना एका वेळी जाता येईना, एकेकीला अंग आडवं करून जावं लागलं. येताना काका आणि ती बरोबर आत आले होते, हे उर्वीला जीपमध्ये बसल्यावर आठवलं.

काका आला नाही. तो ओसरीच्या पायरीवर बसून राहिला, दोन्ही हात मांड्यांत धरून.

७

दुपारचा एक वाजलेला. जीपचं ताडपत्रीचं छप्पर एका बाजूने फाटलं होतं, तिथून ऊन सरळ ताजबीच्या मानेवर पडत होतं. वारा भट्टीतून आल्यासारखा कोरडा. दोघी मागच्या बाकावर, साकिब पुढे, त्याचं मस्कतच्या पगारांबद्दल काहीतरी चाललेलं. उर्वीला हलकं वाटत होतं. काढलं बाहेर.

फाट्याच्या चढावर बारीकसा आवाज आला. टिक. ताडपत्रीचा हूक असेल. वर पाहिलं, हूक दोरीने बांधलेला होता. डांबरी रस्ता लागला तेव्हा दुसरा आला, जवळून.

"काय वाजलं गो?" ताजबीने विचारलं.

"काही नाही, चाची."

उर्वीने तिच्याकडे पाहिलं. कानाच्या पाळीखालून निघालेली एक रेघ मानेवरून उतरून पदराखाली गेली होती. केसाएवढी. रक्त नव्हतं, काही नव्हतं. उर्वीने त्यावर तळवा ठेवला. कातडी कोमट होती आणि हाताखाली रेघ पुढे जात होती. मुंगी चालावी तशी, थांबत, पुन्हा निघत.

"साकिब, हळू घे. खड्डे चुकव."

त्याने मान डोलावली. मागून चिऱ्याने भरलेला ट्रक हॉर्न देत होता. वळण संपलं आणि समोर भाट्याचा पूल दिसला, उन्हात पांढरा, लांबच लांब. पुलाला मधे मधे सांधे असतात. त्या फटी मुद्दाम सोडलेल्या असतात. उन्हाने काँक्रीट पसरतं, गारव्याने आक्रसतं, त्याला हलायला जागा लागते. ठेवली नाही तर ते स्वतःच करून घेतं. आणि प्रत्येक सांध्यावर गाडी उडते. दुसऱ्या वर्षाला असताना तिने ते सांधे पायी चालत एकेक करून मोजले होते. आकडा तिला पाठ होता.

"थांबव," ती म्हणाली. "साकिब, पुलाच्या अलीकडे थांबव."

"ट्रक बसेल मागनं. पलीकडं गेल्यावर थांबतो की."

तिने ताजबीला दोन्ही हातांनी कवटाळलं. जीप पुलावर चढली. पहिल्या सांध्यावर टायर आपटले आणि त्या आवाजात दुसरा आवाज मिसळला, बारीक, एकाच वेळी पुष्कळ ठिकाणांहून. मग रस्ता सपाट झाला. खाली खाडी, भरती आलेली. ताजबी समोर बघत होती. साडीच्या निऱ्यांमधून जीपच्या पत्र्यावर पांढरी पूड पडत होती, पिठीसारखी, आणि वाऱ्याने लगेच उडून जात होती.

"बाय," ओठांच्या मधल्या फटीतून ती म्हणाली, "घट्ट धर हां."

उर्वीने धरलं, होतं नव्हतं तेवढं बळ लावून. साडीच्या आत, तिच्या हातांच्या दाबाखाली, काहीतरी आपली जागा सोडून सरकलं. दाब कमी करावा की तसाच ठेवावा, हे तिला ठरवता येईना, आणि पुढचा सांधा दिसू लागला.